लहान मुलांना फुलांचे वस्तुचित्र शिकवताना सुरुवात कोठून करावी?

सातारकर आई

नमस्कार. मी साताऱ्यात शाहूपुरी भागात राहते आणि जूनपासून दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या सभागृहात दीड तास मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. वर्गात सहा ते नऊ वर्षांची बारा मुले आहेत. मी कलाशाळेत शिकलेली नाही; शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या आणि पुढे आवड म्हणून जलरंगात काम करत राहिले, एवढीच माझी तयारी आहे.

गेल्या रविवारी प्रथमच फुलांचे वस्तुचित्र, म्हणजे समोर ठेवलेली वस्तू पाहून काढायचे चित्र, करून घ्यावे असे ठरवले. मंडईतून झेंडू, पांढरी शेवंती आणि दोन जरबेरा आणले, काचेच्या फुलदाणीत रचले, फुलदाणी मधल्या टेबलावर ठेवली आणि मुलांना भोवती बसवले. अर्ध्या तासाने फिरून पाहिले तर बारांपैकी दहा कागदांवर एकच फूल होते: मध्ये गोल, भोवती पाच गोल पाकळ्या, खाली काठीसारखा देठ आणि दोन्ही बाजूंना एकेक पान. एका मुलाने तर तेवढ्या वेळात एकदाही मान वर करून फुलदाणीकडे पाहिले नव्हते. दुसरा एक मुलगा खोडत बसला होता, इतका की शेवटी कागदाला भोक पडले. मग सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, “काकू, तुम्ही फळ्यावर झेंडू काढून दाखवा ना, म्हणजे मला येईल.” मी दाखवला आणि पुढच्या दहा मिनिटांत सर्वांनी माझा झेंडू जसाच्या तसा उतरवला. घाईत माझी एक पाकळी डावीकडे वाकडी गेली होती. तीसुद्धा प्रत्येक कागदावर वाकडीच आली.

चित्रे नीटनेटकी दिसत होती, पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कौतुकही केले, परंतु मला मात्र त्या दिवशी चैन पडली नाही. समोर खरी फुले असताना मुलांनी ती पाहिलीच नाहीत आणि ती न पाहण्याची सवय मीच लावली, असे सारखे वाटत राहिले. या वयात वस्तुचित्र घेणेच चुकीचे आहे का? फळ्यावर काढून दाखवावे की दाखवू नये? कोणती फुले आणि कोणते रंग घ्यावेत? ज्यांनी लहान मुलांना प्रत्यक्ष शिकवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठचे सर (सांगली)

ताई, नमस्कार. मी सांगलीत माध्यमिक शाळेत तेहतीस वर्षे कलाशिक्षक होतो आणि आता घरीच आठ-दहा लहान मुलांना शिकवतो. आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या पाच पाकळ्यांच्या फुलाविषयी. मुलाच्या मनात ‘फूल’ या शब्दाची जी खूण तयार झालेली असते, तीच ते कागदावर उमटवते. यात मुलाची चूक काहीच नाही. बालचित्रकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले आहेत आणि साधारण सात ते नऊ हे वय त्यांनी अशा ठरावीक आकृत्यांचे मानले आहे. या वयात घर म्हटले की चौकोनावर त्रिकोण येतो, डोंगर म्हटले की दोन शिखरांमध्ये सूर्य येतो, आणि फूल म्हटले की आपण वर्णन केलेले फूल येते. मुलाला हे सर्व आधीच माहीत असल्यामुळे समोर पाहण्याची गरज त्याला भासत नाही. तेव्हा ती खूण पुसायला जाऊ नका. समोरच्या फुलात त्या खुणेत न बसणारे काहीतरी मुलाला स्वतःला सापडेल, एवढी सोय करा.

त्यासाठी सर्वांत सोपा आणि माझ्या अनुभवात कधीच वाया न गेलेला उपाय असा, की फूल समोरून न दाखवता कुशीवर आडवे ठेवावे. मनातली खूण फक्त समोरून दिसणाऱ्या फुलाची असते. बाजूने दिसणाऱ्या फुलासाठी, पाठीमागून दिसणाऱ्या फुलासाठी मुलाकडे तयार आकृतीच नसते, त्यामुळे त्याला पाहावेच लागते. जास्वंद पालथी ठेवली की देठाजवळचा हिरवा पेला आणि त्यातून उलगडलेल्या पाकळ्यांच्या शिरा मुले प्रथमच पाहतात, आणि वर्गात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते.

म्हणून पहिले तीन-चार रविवार फुलदाणी बाजूला ठेवून प्रत्येक मुलापुढे एकच फूल द्यावे. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने काश्मीरमधील फुले रंगवली आणि त्यांची संख्या १०० हून अधिक असल्याचे बादशहाने स्वतः नोंदवून ठेवले आहे. मन्सूरच्या प्रसिद्ध तांबड्या ट्यूलिपच्या चित्रात फुलदाणी नाही, टेबल नाही, पडदाही नाही. चित्राचा सारा भर एका झाडाची फुले, पाने आणि देठ यांवरच आहे. इतक्या मोठ्या चित्रकाराला जे पुरले ते आपल्या सात वर्षांच्या मुलाला खचितच पुरेल.

कागद हातात देण्यापूर्वी दोन मिनिटे नुसते पाहणे ठेवा आणि त्या वेळी प्रश्न विचारा. सगळ्या पाकळ्या सारख्याच लांब आहेत का, कोणती पाकळी दुसरीच्या मागे लपली आहे, देठ सरळ आहे की कोठे वाकला आहे, पानाची वरची बाजू आणि खालची बाजू एकाच रंगाची आहे का, असे साधे प्रश्न पुरतात. चित्र चालू असतानाही एखादे मूल अडले तर त्याच्या कागदाला हात लावू नये. बोट फुलाकडे दाखवून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. आपण त्या कागदावर एक जरी रेघ मारली, तरी पुढची प्रत्येक रेघ मूल आपल्याला विचारून मारते.

फळ्याबाबत माझे मत ठाम आहे: जे फूल समोर आहे ते फळ्यावर काढू नये. हात डोळ्यांच्या मागोमाग कसा चालतो हे दाखवायचेच असेल, तर एखादी वेगळी वस्तू, समजा वालाची शेंग, समोर धरून काढावी आणि मुले चित्राला बसण्यापूर्वी ती पुसून टाकावी. पेन्सिल व खोडरबरही सुरुवातीला नकोतच. मोम खडू किंवा ऑइल पेस्टल द्यावेत, म्हणजे रेघ जाड येते, खोडता येत नाही आणि मूल पुढे जात राहते. कागद मात्र मोठा हवा. निदान पूर्ण ड्रॉइंग शीटचा चौथा हिस्सा. वहीच्या छोट्या पानावर मुलाची फक्त बोटे चालतात. मोठ्या कागदावर खांद्यापासून हात चालतो आणि फूल कागदाबाहेर गेले तरी ते जाऊ द्यावे.

पुढे मांडणी कराल तेव्हा बारा मुलांत एक फुलदाणी ठेवू नका. तीन-तीन मुलांसाठी एक, अशा चार मांडण्या करा आणि त्या मुलांच्या नजरेच्या पातळीला येतील अशा बेताने ठेवा. सभागृहातील टेबल मोठ्यांच्या मापाचे असते; जमिनीवर बसलेल्या मुलाला त्यावरच्या फुलदाणीचे बूड आणि टेबलाची कडाच तेवढी दिसते. काचेचे भांडेही टाळावे, कारण पाण्यातून देठ तुटल्यासारखे दिसतात आणि लहान मूल गोंधळते. पितळी तांब्याची चकाकी सुद्धा या वयाला जड जाते. लोणच्याची चिनी मातीची बरणी मला सर्वांत योग्य वाटते. तिचे पांढरे अंग आणि वरचा तपकिरी भाग मुलांना चटकन दिसतो. भांड्याच्या तोंडाचा लंबगोल बरोबर आला नाही म्हणून कोणाला थांबवू नये. ती काळजी सातवी-आठवीत एलिमेंटरीच्या वस्तुचित्राला बसताना करता येईल.

एक सांगलीकडचे उदाहरण देतो. आमच्या परिसरात हळदीची शेते आहेत आणि साधारण भाद्रपदाच्या सुमारास त्यांत फुलोरा येतो. फिकट हिरव्या-पांढऱ्या खवल्यांचा एक उभा तुरा आणि त्या खवल्यांच्या कुशीत पिवळी फुले. रोज हळद खाणाऱ्या मुलांनी ते फूल कधी पाहिलेले नसते. मी ते पहिल्यांदा वर्गात नेले तेव्हा एकाही कागदावर गोल पाकळी आली नाही, कारण त्या फुलाची खूण कोणाच्याच मनात नव्हती.

पानफूल (कराड)

मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. सरांशी मी पूर्ण सहमत आहे; फुलांच्या निवडीबद्दल थोडी भर घालते.

ताई, आपण निवडलेली झेंडू, शेवंती आणि जरबेरा ही तिन्ही सूर्यफुलाच्या कुळातील आहेत. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो आणि ज्याला पाकळी म्हणतो तीसुद्धा वास्तविक एक स्वतंत्र फूल असते. म्हणजे सहा वर्षांच्या मुलापुढे आपण एकदम शेकडो फुले ठेवली होती. इतके बारकावे दिसले की मूल साहजिकच आपल्या ओळखीच्या आकृतीकडे वळते.

सुरुवात गोकर्णाने करून पाहा. त्याची एक पाकळी मोठी आणि पंख्यासारखी पसरलेली असते व बाकीच्या लहान असतात, त्यामुळे ते वर्तुळात बसवताच येत नाही. तगरीला पाच पाकळ्या असतात खऱ्या, पण त्या भिरभिऱ्यासारख्या एका दिशेने वळलेल्या असतात. कर्दळीच्या फुलाचे दोन सारखे भाग पाडता येत नाहीत. जास्वंदीच्या मध्यातून लांब दांडी बाहेर येते आणि तिच्यावर पिवळे परागकोश असतात. मुलांना तीच आधी काढावीशी वाटते आणि ती काढल्यावर पाकळ्या आपोआप तिच्याभोवती येतात. शक्य असेल तर दर वेळी एक फूल मुलांसमक्ष उकलून सर्व भाग कागदावर क्रमाने मांडावेत. आत काय आहे हे पाहिलेले मूल बाहेरचा आकार अधिक धीराने पाहते.

कण्हेर, पिवळी बिट्टी आणि धोतरा मात्र वर्गात आणू नये. तिन्ही विषारी आहेत आणि या वयाची मुले हात तोंडात घालतात. चीक येणाऱ्या कोणत्याही फुलानंतर हात साबणाने धुवून घ्यावेत.

वेळेचाही विचार करावा लागतो. प्राजक्ताची फुले पहाटे गळतात आणि ऊन चढताच मलूल होतात, जास्वंद एक दिवस टिकते, गुलबक्षी तर संध्याकाळकडे उमलत असल्याने रविवारी सकाळी तिचा उपयोगच नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आपल्याला ठाऊक आहेच. दोन रविवार चालणारे चित्र एकाच फुलावर करता येत नाही. यावर नेदरलँड्सच्या जुन्या चित्रकारांची पद्धत मुलांनाही जमेल. राकेल रौश या चित्रकर्तीचा जन्म १६६४ मधला, वडील वनस्पतिशास्त्र आणि शरीरशास्त्राचे अभ्यासक, त्यामुळे वनस्पतींचे नमुने पाहण्यातच तिचे बालपण गेले. तिच्या काळातील अशा पुष्पचित्रांत वेगवेगळ्या ऋतूंत उमलणारी फुले एकाच पात्रात दिसतात, कारण एकेका फुलाचा अभ्यास वेगळा करून ती नंतर चित्रात एकत्र आणली जात. आपली मुलेही आज गोकर्ण, पुढच्या रविवारी कर्दळ, असे एकेक फूल काढून, कापून, शेवटी एका मोठ्या कागदावर बरणी रंगवून त्यात ती चिकटवू शकतील. कोणते फूल पुढे आणि कोणते मागे हा प्रश्न तेथे हातानेच सुटतो.

एक कळकळीची विनंती आहे. आपण साताऱ्यात आहात, कास जवळ आहे आणि हंगामही आहे, तेव्हा तेथून फुले आणण्याचा मोह कोणाला होऊ शकेल. कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट आहे आणि तेथील फुले तोडण्यास बंदी आहे. सीतेची आसवे किंवा गेंद यांसारखी फुले इतकी नाजूक असतात की ती वर्गापर्यंत टिकणारही नाहीत. मुलांना तेथे नेलेच, तर पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी खिडकी कापून द्यावी आणि त्या खिडकीतून दिसणारा एकच तुकडा पाहायला सांगावा. चित्र घरी आल्यावर आठवणीतून काढता येते.

वाईची आजी

मी शिक्षिका नाही. दोन नातवंडांना घेऊन रोज संध्याकाळी रंगांशी खेळत बसते, तेवढ्या आधारावर दोन गोष्टी सांगते.

पांढरी शेवंती पांढऱ्या कागदावर मुलांना जमत नाही, कारण जलरंगात पांढरे म्हणजे कागद तसाच सोडणे आणि सोडण्याचा धीर या वयात नसतो. मेणबत्तीने फूल काढून वरून पाण्याचा रंग फिरवण्याची युक्ती मी करून पाहिली. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे फूल उठून दिसते आणि मुले आनंदाने ओरडतात, परंतु काढताना आपली रेघ त्यांना दिसत नसल्याने फुलाकडे पाहून काढणे होत नाही. त्यापेक्षा वह्यांना घालायचा खाकी कागद घ्यावा. त्यावर पांढरा ऑइल पेस्टल किंवा पांढरा पोस्टर कलर फार सुंदर दिसतो, आणि तो कागद स्वस्त असल्यामुळे वाया गेल्याचे दुःख होत नाही. हिरवा रंग डबीतला तसाच देऊ नये. पिवळ्यात निळा मिसळून मुलांनाच करू द्यावा आणि फारच भडक झाला तर त्यात लाल रंगाचा एक ठिपका घालावा, म्हणजे तो खऱ्या पानासारखा शांत होतो.

फळ्याबाबत मात्र माझे मत सरांपेक्षा थोडे वेगळे आहे. मी रांगोळी आईच्या हाताकडे पाहूनच शिकले. मोठ्या माणसाचा हात चालताना पाहिल्याशिवाय मुलाला धीर येत नाही, असे मला वाटते.

कृष्णाकाठचे सर (सांगली)

आजी, आपला मुद्दा मोलाचा आहे. रांगोळीत आईची आकृतीच पुढच्या पिढीला द्यायची असते. तेथे आईचा हात हाच धडा आहे आणि तो तसाच उतरवणे योग्यच आहे. वस्तुचित्रात धडा समोरच्या वस्तूत असतो. म्हणून मोठ्यांनी चित्र काढावे, अवश्य काढावे, पण मुलांच्या शेजारी बसून, आपल्या जागेवरून दिसणारे फूल, आपल्या कागदावर. शेजारच्या मुलाला तेच फूल वेगळ्या बाजूने दिसत असते, त्यामुळे त्याला आपली नक्कल करता येत नाही आणि आपला हात चालतानाही दिसतो. माझ्या पहिल्या उत्तरात हे सांगायचे राहून गेले होते.

सातारकर आई

सर्वांचे मनापासून आभार. कालचा रविवार आपल्या सांगण्याप्रमाणे घेतला, त्याची हकिगत लिहिते.

कुंपणावरचा गोकर्ण सकाळी सात वाजता तोडून पाण्यात ठेवला आणि प्रत्येकाला एकेक फूल खाकी कागदावर आडवे ठेवून दिले. खोडरबर दारातच डब्यात जमा केले. निळा, जांभळा, पांढरा, पिवळा आणि हिरवा एवढेच पेस्टल ठेवले. मीही मुलांच्या ओळीत खाली बसून माझे फूल काढत होते. बारांपैकी सात मुलांनी खरोखर गोकर्ण काढला. दोघांच्या कागदावर पुन्हा पाच गोल पाकळ्या आल्या, तिघांनी अर्धवट सोडले. खोडरबर मिळत नाही म्हणून एक मुलगी रडली. तिला मी कागद उलटा करून दुसऱ्या बाजूने सुरुवात करायला सांगितले आणि तिने तिसऱ्या प्रयत्नात पाकळीच्या मधला पांढरा-पिवळसर पट्टा अगदी जिथल्या तिथे काढला. ज्या मुलाने मागच्या वेळी मान वर केली नव्हती, त्याने सर्वांत आधी विचारले, “काकू, याला देठाजवळ हिरवी टोपी आहे, ती सगळ्याच फुलांना असते का?” तो नंतर वर्ग संपेपर्यंत सोसायटीच्या बागेतील फुले उलटी करून पाहत होता.

एका पालकांनी मात्र गटावर विचारले, की मागच्या वेळेपेक्षा चित्र बिघडलेले का दिसते. त्यांचा राग मी समजू शकते; मागच्या वेळचे चित्र त्यांनी घरी भिंतीवर लावले होते. मी त्यांना मुलाच्या चित्राशेजारी ठेवलेल्या खऱ्या फुलाचे छायाचित्र पाठवले आणि मुलाला चित्राबद्दल घरी बोलू द्यावे अशी विनंती केली. आता प्रत्येक चित्राच्या मागे मुलाने फुलाविषयी सांगितलेले एक वाक्य आणि तारीख लिहून ठेवते आहे.

बरणी आणि दोन-तीन फुले एकत्र कधी द्यावीत, एवढे एकच विचारायचे आहे.

कृष्णाकाठचे सर (सांगली)

ताई, एखादे मूल कोणी न सांगता एका पाकळीमागे दुसरी अर्धी झाकलेली काढू लागले, की त्याला बरणी द्या. सर्वांना एकाच रविवारी देण्याचे कारण नाही. चार मांडण्यांपैकी एक बरणीची आणि तीन एकेका फुलाच्या, असे एकाच वर्गात चालते. बरणीत प्रथम दोनच फुले घाला, एक उंच आणि एक त्याच्या पुढे आलेले, मागे गडद एकरंगी साडी टांगा आणि प्रकाश एकाच खिडकीतून येईल असे पाहा. ज्या पालकांना चित्र बिघडल्यासारखे वाटले, त्यांना दोन महिन्यांनी तारखांच्या क्रमाने सर्व कागद एकत्र मांडून दाखवावेत.

आणखी एक सुचवतो. आपल्या जिल्ह्यातच औंधला श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी १९३८ मध्ये ते उभारले. मुलांना एकदा तेथे न्या. छापील चित्रच पाहत आलेल्या मुलांना खऱ्या रंगाचा थर आणि कुंचल्याची फिरलेली वाट जवळून दिसू द्या. सगळे संग्रहालय दाखवू नका, मुले दमतात. दोन-तीन चित्रांपुढे खाली बसवा आणि आपण गोकर्णाला विचारले तेच प्रश्न विचारा.

सातारकर आई

सर, पालकांशी बोलले. दिवाळीच्या आधीच्या रविवारी औंधला जायचे ठरले आहे. बरणी सासूबाईंकडून मिळाली आहे, आणि टोपीविषयी विचारणारा मुलगा पुढच्या वेळी कर्दळ मी आणतो म्हणून सांगून गेला आहे.